अंदमान : सात दिवस, तीन पिढ्या आणि पोहता येणारा एकच माणूस

मुक्ता_ठाणे | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता गरज पडली म्हणून धागा काढतेय.

फेब्रुवारीत अंदमानला जायचं ठरलंय. विमानाची तिकिटं काढून झालीत (मुंबई-चेन्नई-पोर्ट ब्लेअर), त्यामुळे "अंदमान कशाला, अमुक ठिकाणी जा" असे सल्ले कृपया नकोत. माणसं पाच. आई ६४, बाबा ६९ (उजवा गुडघा कुरकुरतो), मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. पोहता फक्त नवऱ्याला येतं. मी गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहू शकते, एवढंच.

एजंटने दिलेला कार्यक्रम असा: पहिल्या दिवशी उतरल्या उतरल्या सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथलाच लाइट अँड साउंड शो. दुसऱ्या दिवशी रॉस आणि नॉर्थ बे. तिसऱ्या दिवशी हॅवलॉक, साडेचारला राधानगर किनारा. चौथ्या दिवशी एलिफंट बीच, कालापत्थर आणि संध्याकाळच्या फेरीने नील. पाचव्या दिवशी नील बघून परत पोर्ट ब्लेअर. सहावा दिवस बाराटांग. सातव्या दिवशी विमान.

बाबांना जेल बघायचंय, बाकी "तुम्ही न्याल तिथे येतो". आईला समुद्र लांबून आवडतो. लेकीला स्कूबा करायचंय, कारण वर्गातल्या कोणीतरी केलंय. यातलं काय ठेवू, काय काढू?

टवाळ | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०२

ही सहल नाही, एसटीचा मार्गफलक आहे.

दर्यावर्दी | १२ नोव्हेंबर, रात्री १०:५५

मुक्ताताई, चार वेळा जाऊन आलोय, दोनदा फक्त डायव्हिंगसाठी. सुचेल तसं लिहितो.

पहिली गोष्ट सूर्याची. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच. फेब्रुवारीत तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो, मुंबईपेक्षा तासभर आधी. एजंट साडेचारला राधानगरला नेणार म्हणजे तुम्ही कपडे बदलेपर्यंत शिट्टी वाजते आणि पाण्यातून बाहेर काढतात. दोन-अडीचलाच जा. जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर आहे. उलट सकाळी लवकर उजाडतं, साडेपाचला उठलात तर दिवस मोठा मिळतो. तिथे जाऊन आठला नाश्ता करणारा माणूस अर्धा दिवस गमावतो.

दुसरी नावांची. पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक, नील आणि रॉस यांची नावं २०१८ मध्येच बदलली: स्वराज द्वीप, शहीद द्वीप, नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. फेरीच्या तिकिटावर नवं नाव असेल आणि रिक्षावाला जुनं बोलेल. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर जेट्टीवर "आपली बोट ही नव्हे" असा गोंधळ होतो. आमचा झाला होता.

तिसरी बाराटांगची. काढून टाका. सविस्तर उद्या लिहितो, आता झोप येतेय.

अंजली७६ | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

छान धागा. आम्हीही मे महिन्यात जायचा विचार करतोय. शाकाहारी जेवणाचं काय? सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत.

नलूमावशी | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

अंजली, मे महिना नको गं. पंधरा तारखेनंतर तिकडे पाऊस कधीही धरतो, आणि धरला की फेऱ्या रद्द. जेवणाची अडचण नाही. पोर्ट ब्लेअरला दाक्षिणात्य हॉटेलं भरपूर, इडली-डोसा कुठेही. हॅवलॉक-नीलला बंगाली वस्ती जास्त, फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली. तिथे भात, डाळ, बटाटा, वांगं मिळतं. मात्र एकाच कढईत मासे तळले जातात, ते सासूबाईंना चालेल का ते बघ. मी थालीपिठाची भाजणी आणि छोटा तवा नेला होता. तवा मी नेला आणि हॉटेलच्या पोराने स्वयंपाकघरात थालीपीठ लावून दिलं, वर कृती लिहून घेतली.

मुक्ता, तुझ्या बाबांच्या जेलबद्दल. पहिल्याच दिवशी ठेवू नकोस. पहाटे दोनला उठून दोन विमानं करून आलेल्या सत्तरीच्या माणसाला तिथे उभं करायचं म्हणजे त्याचा अपमान आहे (जागेचाही). दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या जा. गर्दी नसते आणि तिसऱ्या मजल्यावर ऊन येण्याआधी पोचता येतं. जिने आहेत, पण हळूहळू जमतं.

गाइड घ्या, पण त्याला सांगा की आम्हाला वेळ आहे. मूळच्या सात रांगा, मधल्या मनोऱ्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या. आता तीनच उभ्या आहेत. १८९६ ला काम सुरू झालं आणि १९०६ ला संपलं. प्रत्येक रांगेचं तोंड पुढच्या रांगेच्या पाठीकडे, म्हणजे कोणाला कोणाचा चेहरा दिसू नये. याच इमारतीत बाबाराव आणि तात्याराव सावरकर हे दोघे सख्खे भाऊ होते. १९११ च्या जुलैत तात्याराव आले तेव्हा बाबाराव आधीपासून आत होते, तरी कित्येक दिवस गाठ नाही. हे मला पाठ होतं शाळेपासून. पण त्या ओसरीत उभं राहून समोर फक्त भिंत दिसली, तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मधल्या मनोऱ्यात कैद्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत, प्रांतवार. बंगालची यादी संपता संपत नाही. आपली मराठी मंडळी एकच कोठडी बघून फोटो काढून खाली उतरतात, तसं करू नका. त्या पाट्या वाचा.

कोलूचा_बैल | १३ नोव्हेंबर, दुपारी १:०५

नलूमावशी, कोलूबद्दल लिहायचं राहिलं. आवारात तेलाचा घाणा ठेवलाय, कैद्याला बैलासारखं जुंपायचे. दिवसाला तीस पौंड तेल काढायचं, नाही निघालं तर फटके. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे, ऑफिसात असतो मी.

टवाळ | १३ नोव्हेंबर, दुपारी १:१२

आता कोणीतरी येऊन सावरकरांवर वाद सुरू करेल, त्याआधीच लिहितो: त्यासाठी वेगळे धागे आहेत, तिकडे मारामारी करा. इथे ताईंना स्नॉर्केलिंगचं विचारायचंय.

कोकणी_काका | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

नको म्हटलंय तरी लिहितोच. आमच्या तारकर्लीला या. स्कूबा आहे, समुद्र आहे, सोलकढी आहे, विमान लागत नाही. अंदमानात काय वेगळं पाणी आहे?

दर्यावर्दी | १३ नोव्हेंबर, रात्री ८:४८

काका, पाणीच वेगळं आहे. तुमच्याकडे नद्या गाळ आणून टाकतात. चांगल्या दिवशी पाच-सात मीटरपलीकडे दिसत नाही. तिकडे बारा मीटर खाली उतरून वर बघितलं तर बोटीचा तळ दिसतो. प्रवाळाचंही तसंच. तुमच्याकडे आहे, पण तिथे बागा आहेत, जरी २०१० मध्ये पाणी तापून त्यातला बराच पांढरा पडला तरी. सोलकढीबद्दल मात्र वाद नाही, ती तिथे मिळत नाही.

मुक्ताताई, स्कूबाचं. मुलीला वयाची अट आडवी येईल, जवळपास सगळीकडे दहा वर्षं पूर्ण लागतात. कोणी "चालवून घेऊ" म्हणालं तर तिथून निघा. तिला एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग करू द्या. गुडघाभर पाण्यापासूनच प्रवाळ सुरू होतं. लाइफ जॅकेट, रिंग आणि पुढे ओढणारा माणूस असतो, पोहता येण्याची गरज नाही. घरून तिच्या चेहऱ्याला बसेल असा मास्क घेऊन जा. मोठ्यांचा मास्क मुलांना गळतो, नाकात खारं पाणी जातं आणि तिथेच रडारड होऊन खेळ संपतो. घरी बादलीत तोंड घालून नळीतून श्वास घ्यायची सवय करा. हसू नका, आठवडाभर केलं की फरक पडतो.

तुम्ही आणि नवरा मात्र स्कूबा करा. पोहता न येणाऱ्यांसाठीच ते एका डुबकीचं प्रकरण असतं, पाठीमागून शिक्षक धरून असतो. फॉर्मवर दमा, हृदय, रक्तदाब, फिट विचारतात, तिथे खरं लिहा. कान दुखायच्या आत नाक चिमटीत धरून हवा सोडायची, दर मीटरला. सर्दी असेल तर करूच नका. आणि डुबकी व विमान यांत किमान अठरा तास ठेवा. म्हणजे हॅवलॉक आधी आणि पोर्ट ब्लेअर शेवटी, हे आपोआप जमतं.

कोकणी_काका | १३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मान्य. मग एक कामाची गोष्ट सांगतो, एजंट सांगणार नाही. भरती-ओहोटी बघून दिवस लावा. आमच्याकडे तिथीला पाऊणपट करतात, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा. सहाला भरती, बाराला सुकती. नीलला तो दगडी पूल आहे ना, लोक ज्याला हावडा ब्रिज म्हणतात, तिथे सुकतीलाच चालता येतं. भरतीला गेलात तर कडेला उभं राहून पाण्याकडे बघायचं.

दर्यावर्दी | १३ नोव्हेंबर, रात्री ९:२२

पाऊणपटीचं गणित आपल्या किनाऱ्याचं, काका. चंद्र तोच, पण प्रत्येक बंदराची वेळ वेगळी पडते. पोर्ट ब्लेअरसाठी कोष्टकच बघायला हवं. सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर. स्नॉर्केलिंगला पाणी बऱ्यापैकी भरलेलं हवं, नाहीतर पोट प्रवाळाला घासतं. पूल आणि खडकातली डबकी सुकतीला. एजंटचा कागद याच्याशी कधीच जुळत नाही.

मुक्ता_ठाणे | १३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

केवढी माहिती! बादलीचं ऐकून लेक आत्ताच बाथरूममध्ये गेलीये. बाराटांग का काढायचं ते सांगाल का? एजंट म्हणतो, "आदिवासी दिसतात, सगळ्यांना तेच आवडतं."

निळावंती | १४ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

या एका वाक्यासाठी एजंट बदला.

भटकंती_नाना | १४ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

एवढं काय त्यात? आम्ही २०१९ ला गेलो होतो. चुनखडीच्या गुहा सुंदर आहेत, खारफुटीच्या बोगद्यातून बोट जाते, चिखलाचा ज्वालामुखी बघितला (तो काही खास नाही, आपल्या गल्लीतला खड्डा बुडबुडे काढतोय असं वाटतं). रस्त्यात जारवा (तिथले आदिवासी) दिसले तर दिसले. आपण काही त्यांना बघायला जात नाही.

निळावंती | १४ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

नाना, तुम्ही जात नसाल, एजंट त्यावरच विकतोय की. वर वाचा.

तो रस्ता जारव्यांच्या राखीव जंगलातून काढलाय. १९९७-९८ पर्यंत ते बाहेरच्या माणसांना जवळ येऊ देत नव्हते. संबंध वाढल्यावर १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये राखीव भागातला रस्ता बंद करायला सांगितलं, तो आजही चालू आहे. २०१२ मध्ये खाऊचं आमिष दाखवून बायकांना नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली होती. त्यानंतर नियम कडक झाले. जिरकाटांगच्या नाक्यावरून ताफ्यानेच जायचं, थांबायचं नाही, फोटो नाही, खायला द्यायचं नाही, नाहीतर तुरुंग. पण दीडशे गाड्यांच्या काचांना नाकं लावून माणसं बसलेली असतात, त्यावर कुठला नियम लागणार?

भटकंती_नाना | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

त्याच रस्त्याने रंगत, मायाबंदर, दिगलीपूरची माणसं दवाखान्यात येतात. रस्ता बंद केला तर ती कुठून येणार? मुंबईत बसून बोलणं सोपं आहे.

निळावंती | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

हा मुद्दा खरा आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मुक्ताताई दवाखान्यात चाललेल्या नाहीत.

दर्यावर्दी | १४ नोव्हेंबर, दुपारी २:००

माझं कारण इतकं थोर नव्हतं. पहिल्या ताफ्यासाठी रात्री तीनला निघावं लागतं, गाडीत जाताना शंभर-एक किलोमीटर आणि येताना तेवढेच, मग बोट, मग गुहेपर्यंत खाचखळग्यांतून चालत. बाबांच्या गुडघ्याचं काय होईल? आणि शेवटून दुसरा दिवस त्यात घालवायचा. पण निळावंतींचंही पटतं. मी पहिल्या वेळी गेलो होतो. एक लहान मुलगा रस्त्याकडेला उभा होता, आमच्या गाडीतले सगळे एकाच बाजूला झुकले. पुन्हा गेलो नाही.

परदेशी_पाटील | १४ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

अवांतर: एवढ्या पैशात थोडे घालून मॉरिशसला जाता येतं. तिथे पिढ्यान् पिढ्या राहिलेले मराठी लोक भेटतात, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

टवाळ | १४ नोव्हेंबर, दुपारी ३:४७

पाटील, धाग्यातला पहिला परिच्छेद वाचणाऱ्याला मी वडापाव देतो. तुमचा गेला.

बोट_लागणारी | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

फेरीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. ज्यांना एसटी लागते त्यांना बोट लागतेच, ज्यांना एसटी लागत नाही त्यांनाही लागते. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी फेरीने दीड तास, सरकारी जहाजाने अडीच. खासगी फेरी बंद एसी डब्यासारखी, बाहेर येता येत नाही. सरकारी जहाजात डेकवर उभं राहता येतं, वारा लागतो, मळमळत नाही, पण तिकीट मिळणं नशिबाचं. अवोमिन (उलटी होऊ नये म्हणूनची गोळी) निघायच्या तासभर आधी घ्या (आई-बाबांच्या इतर गोळ्यांबरोबर चालेल का ते डॉक्टरांना विचारून). बोट सुटल्यावर घेऊन उपयोग नाही. रिकाम्या पोटी बसू नका, मिसळ खाऊनही बसू नका. सकाळची फेरी घ्या, दुपारनंतर समुद्र उचलतो.

आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच असा. हॅवलॉकहून सकाळी निघून दुपारचं विमान धरायचं धाडस करू नका.

निळावंती | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

लेकीसाठी अजून एक. अमावस्येच्या आसपास हॅवलॉकला असाल तर रात्री कायाकमधून खारफुटीत नेतात. वल्हं मारलं की पाणी निळं चमकतं. पौर्णिमेला फुकट जातं सगळं. आणि किनाऱ्यावरचे शंख-प्रवाळ खिशात घालू नका, मेलेलंसुद्धा नाही. विमानतळावर सामान तपासतात, पोरासमोर कोणी वडिलांना बाजूला घेऊन बॅग उघडायला लावली ते मी पाहिलंय. शिवाय त्या शंखात बहुतेक वेळा कोणीतरी राहत असतं.

मुक्ता_ठाणे | २० नोव्हेंबर, रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार. एजंटशी भांडून नवा कार्यक्रम: पहिला दिवस झोप. दुसरा जेल आणि रॉस. मग हॅवलॉक एक रात्र, नील दोन रात्री, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअर. बाराटांग आणि नॉर्थ बे कट. एजंट म्हणाला, "मॅडम, नीलला दोन रात्री कोणी राहत नाही, तिथे करणार काय?" बघू. परत आल्यावर लिहीन.

अंजली७६ | २ मार्च, सकाळी ८:४०

धागा वर काढतेय. मुक्ता, आलीस का परत? वृत्तांत?

मुक्ता_ठाणे | ५ मार्च, रात्री १०:२०

आले आले. लांबण लावणार आहे, माफ करा.

जेल. नलूमावशींच्या सांगण्यावरून सकाळी पहिल्या तिकिटात आत गेलो. माझे बाबा फिटर होते, ठाण्यातल्या एका कारखान्यात ३४ वर्षं. गाइड गोष्ट सांगत पुढे गेला आणि बाबा पहिल्याच कोठडीच्या दारात अडकले. दाराची कडी बाहेरून लांबलचक, भिंतीत एक खोल कोनाडा केलाय आणि कडीचं टोक आणि कुलूप त्या कोनाड्यात. बाबा आत जाऊन गजांतून हात बाहेर काढून कुलपापर्यंत पोचतोय का बघत होते. पोचत नाही. खांद्यापर्यंत हात घातला तरी वीतभर उरतं. मग बाहेर येऊन त्यांनी कडी बोटांनी मापली, कोनाड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. वीस मिनिटं झाली. मी म्हटलं, बाबा, पुढे तात्यारावांची कोठडी आहे. तर म्हणाले, "ज्याने हे काढलं ना, त्याला काम येत होतं." पुढे दिवसभर बोलले नाहीत. वर गेले, गुडघा धरून, दोन दारांच्या त्या कोठडीत हात जोडून उभे राहिले. पण रात्री झोपताना आईला पुन्हा कडीचंच सांगत होते.

नावांच्या पाट्याही वाचल्या. लेकीने बंगालच्या मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिल्या.

रॉस छान. चर्चच्या भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी गिळल्यात आणि हरणं अंगावर येतात. एका हरणाने आईच्या पिशवीतली केळी पळवली. आत बॅटरीवरच्या गाड्या फिरतात, बाबांना त्यातून नेलं.

हॅवलॉक. राधानगरला अडीचला पोचलो (धन्यवाद दर्यावर्दी). वाळू पिठासारखी, पाण्यात लांबपर्यंत कंबरभरच. आईने साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाय भिजवले, तेवढंच, पण दोन तास. किनाऱ्यावर मगरीची सूचना देणारी पाटी आहे, एका बाजूच्या खाडीकडे पोहायला मनाई. ती पाटी वाचून माझ्या नवऱ्याची पट्टीच्या पोहणाऱ्याची ऐट बरीच उतरली. आणि बारीक वाळूमाश्या! कोणीच सांगितलं नव्हतं. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या लाल. खोबरेल तेल चोपडून बसायचं, असं शेवटी हॉटेलवालीने सांगितलं.

स्कूबा. इथे गंमत झाली. नवरा दोन महिने "तू घाबरू नकोस, मी आहे" म्हणत होता. आदल्या रात्री एसीत झोपून त्याला सर्दी. तीन मीटरवर कान दुखायला लागले, वर आला, पुन्हा गेला, पुन्हा वर. शिक्षकाने हाताने फुली केली. मी मात्र गेले खाली. पहिली दोन मिनिटं फक्त माझ्याच श्वासाचा आवाज, झोपलेल्या माणसासारखा. मग कडकड, कडकड. मला वाटलं टाकी फुटतेय. शिक्षकाने बोट दाखवलं: हातभर लांबीचा निळा-हिरवा पोपटमासा प्रवाळ दाताने कुरतडत होता. चणे खाल्ल्यासारखा! पाण्याखाली आवाज येतो हे मला ४१ व्या वर्षी कळलं. बोटीवर परत आले तर नवरा नाक शिंकरत बसलेला. अजून त्याच्यासमोर हा विषय काढत नाही.

लेकीचा बादलीचा अभ्यास कामी आला. एलिफंट बीचला रिंग सोडून स्वतः तोंड खाली घालून तरंगत होती. ओढणारा दादा म्हणाला, "ये तो पहले से सीख के आई है."

आणि नील. एजंटला सांगा कोणीतरी. सायकलवरून टोकापासून टोकापर्यंत जाता येतं, मधे भाताची खाचरं, केळी, सुपारी. हॉटेलच्या गाडीवाल्याच्या फोनमध्ये भरतीचं कोष्टक होतं. "परसो सुबह साढ़े पाँच निकलेंगे, पानी तब उतरेगा." दुसऱ्या रात्रीमुळेच ती सकाळ मिळाली, काका. दगडी पुलाखाली खडकांत डबकी राहिली होती. गाववाला एक माणूस थोडे पैसे घेऊन दाखवत फिरतो. काळ्या काकड्यांसारखे ओशट जीव, निळ्या चांदण्या, आणि खडकात रुतलेला हाताएवढा शिंपला, त्याचे ओठ जांभळे मखमली. लेकीची सावली त्याच्यावर पडली आणि त्याने चटकन ओठ मिटले. ती बाजूला झाली, उघडले. पुन्हा सावली, पुन्हा मिटले. तो माणूस म्हणाला, बस करो बेटा, उसको भी थकान होता है. पाणी चढायला लागलं तेव्हा कुठे निघाली.

त्याच वेळी आई बाजारात होती. नीलची भाजी पोर्ट ब्लेअरला जाते, त्यामुळे पहाटे जेट्टीजवळ ढीग. एका बाईंकडून तिने घेवडा घेतला. आम्ही हॉटेलात राहतोय, घेवड्याचं काय करणार? पण घेतला. त्या बाईंच्या सासऱ्यांना सरकारने जमीन दिली तेव्हा सगळं जंगल होतं म्हणे. आईचं हिंदी आणि त्यांचं हिंदी यांत कोणाचं जास्त वाईट, सांगता येणार नाही. घेवडा ठाण्याला आला.

मिठाचा खडा एकच. नीलहून निघायच्या दिवशी वारा सुटला, आमची खासगी फेरी रद्द. काउंटरवर "पैसे सात दिवसांत खात्यात" एवढंच. सरकारी जहाज संध्याकाळी होतं, त्यात डेकवर जागा मिळाली. बोट_लागणारी ताई, तुमचं अगदी खरं, वाऱ्यावर कोणाला काही झालं नाही. आणि विमान दुसऱ्या दिवशी होतं म्हणून निभावलं. आमच्या शेजारच्या नाशिकच्या जोडप्याचं त्याच दुपारचं होतं. बाई रडत होत्या.

कोकणी_काका | ५ मार्च, रात्री १०:४१

तो शिंपला आणि सावली. वाचून बरं वाटलं. आता तारकर्लीला कधी?

नलूमावशी | ६ मार्च, सकाळी ७:१५

बाबांना माझा नमस्कार सांग. मी तीनदा गेले त्या जेलमध्ये, कडीकडे नीट बघितलं नाही कधी.

अंजली७६ | ६ मार्च, सकाळी ९:००

वाचनखूण साठवली. आम्ही मे रद्द करून डिसेंबरचं बघतोय. मुक्ता, थंडीत सूर्य अजून लवकर मावळतो का?

दर्यावर्दी | ६ मार्च, सकाळी ९:३५

हो, डिसेंबरात पाचलाच. आणि डिसेंबरच्या सुरुवातीला वादळाचा एखादा फटका असतो, नाताळच्या आसपास गर्दी आणि भाव. जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरा. मुक्ताताई, नवऱ्याला सांगा, सर्दीने माझेही दोन डाइव्ह गेलेत.

टवाळ | ६ मार्च, सकाळी ९:५०

घेवड्याचं काय झालं?

मुक्ता_ठाणे | ६ मार्च, दुपारी १:२०

भाजी केली आईने. फेरीचे पैसे अजून आलेले नाहीत.